मोत्याचा डूल रंगवताना: एका अभिजात चित्राची प्रत करत तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकूया

तैलरंगात चेहरा रंगवायला शिकायचं असेल, तर सुरुवात समोर बसलेल्या माणसापासून करू नका. माणूस हलतो, कंटाळतो, खिडकीतला उजेड सरकतो. आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला रंगात तेल किती घालायचं, सावलीचा रंग कसा बनवायचा, नाकाची कड कुठे संपवायची हे सगळं एकदम ठरवावं लागतं. थोर चित्रकाराच्या चित्राची प्रत करताना हे निर्णय आधीच झालेले असतात. ते ओळखायचे आणि आपल्या हातानं पुन्हा घेऊन बघायचे, एवढंच काम उरतं. युरोपात चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या असे शिकले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही रीतसर परवानगी काढून मूळ चित्रासमोर इझल (कॅनव्हास उभा ठेवायची घोडी) लावता येतं.

प्रत करायची म्हणजे हुबेहूब दिसणारं चित्र काढायचं, असा समज असतो. माझं मत वेगळं आहे. रंग थोडा चुकला तरी चालेल, पण प्रकाश आणि सावलीची वाटणी चुकता कामा नये आणि कडा चुकता कामा नयेत. कुठली कड धारदार, कुठली मऊ, कुठली पूर्ण हरवलेली, यावरच चेहरा जिवंत दिसणं अवलंबून असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विचारानं लिहिल्या आहेत.

कोणतं चित्र, आणि तेच का

योहान्नेस व्हर्मीरचं ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’. डेल्फ्ट या डच गावात १६६५ च्या सुमारास रंगवलेलं, कॅनव्हासवरचं, ४४.५ × ३९ सेंटिमीटरचं छोटंसं चित्र. आज ते हेग शहरातल्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. १८८१ मध्ये हेगमधल्याच एका लिलावात ते दोन गिल्डर (तेव्हाचं डच चलन) आणि तीस सेंटना विकलं गेलं होतं, इतकी त्याची अवस्था वाईट होती. विकत घेणाऱ्या दे तोंब यांनी ते मृत्युपत्रानं संग्रहालयाला दिलं.

नवशिक्याला हे चित्र सोयीचं आहे. एकच डोकं, डावीकडून येणारा एकच प्रकाश, मागे साधा अंधार, मोजके रंग आणि मोठे, सोपे आकार. हात नाहीत, दागिन्यांची गर्दी नाही, केसही दिसत नाहीत. शिवाय हे कुणा ठरावीक बाईचं चित्र नाही. डच चित्रकार अशा चेहऱ्याच्या अभ्यासचित्रांना ‘ट्रोनी’ म्हणत.

आणखी एक मोठा फायदा म्हणजे हे चित्र कसं रंगवलं गेलं, याची आज बरीच माहिती आहे. २०१८ मध्ये संग्रहालयानं प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत त्याची वैज्ञानिक तपासणी केली. त्यातून कळलं की व्हर्मीरनं आधी तपकिरी आणि काळ्या छटांमध्ये चित्र मांडलं, मग मागून पुढे येत काम केलं: पार्श्वभूमी आणि चेहऱ्याची त्वचा, मग पिवळं जाकीट, मग पांढरी कॉलर, मग डोक्याचं फडकं आणि शेवटी मोती. काम चालू असताना त्यानं कानाची जागा, फडक्याचा वरचा भाग आणि मानेची मागची रेषा हलवलीही होती. आपणही त्याच क्रमानं जाणार आहोत.

सामान

कॅनव्हास १६ × २० इंचांचा घ्या, तयार जेसो (रंग नीट धरणारा पांढरा अस्तर-लेप) लावलेला. कलासाहित्याच्या दुकानात हा आकार सहज मिळतो. त्यावर ३९ × ४४.५ सेंटिमीटरची चौकट आखली की मूळ चित्राच्या आकारातच काम होतं आणि खाली सहा सेंटिमीटरची पट्टी मोकळी राहते. ती पट्टी फार कामाची. रंग चित्रात घालण्याआधी तिथे लावून बघायचा. चौकटीच्या कडांना मास्किंग टेप लावा.

रंग नऊच पुरे: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), लेमन येलो, येलो ऑकर, व्हर्मिलियन, अलिझारिन क्रिमसन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरिन ब्लू, आयव्हरी ब्लॅक. तयार ‘फ्लेश टिंट’ची ट्यूब मिळते, ती घेऊ नका. तिनं सगळे चेहरे एकसारखे गुलाबी होतात आणि मिश्रण शिकायचं राहून जातं. व्हर्मीरकडचा पांढरा शिशापासून बनलेला होता. तो विषारी आहे, आपल्याला त्याची गरज नाही. त्याचा निळा अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा होता आणि अतिशय महाग होता. आपल्या ट्यूबमधला अल्ट्रामरिन कारखान्यात बनतो, पण रासायनिकदृष्ट्या तो त्याचाच भाऊ. निळ्याच्या बाबतीत आपण व्हर्मीरपेक्षा सुखी आहोत.

ब्रश: हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) चपटे ६ आणि १० नंबर, फिल्बर्ट (गोलसर टोकाचे चपटे) ४ आणि ८, मऊ सिंथेटिक राउंड ० आणि २. शिवाय एक मऊ, कोरडा, रुंद ब्रश कडा विरघळवायला. यासाठी मेकअपचा नवा ब्रशही छान चालतो. एक पॅलेट नाइफ, म्हणजे रंग मिसळायची बोथट सुरी, हवाच.

तेल कलासाहित्याच्या दुकानातलं रिफाइंड लिनसीड (जवसाचंच तेल) घ्या. किराण्यातलं जवसाचं तेल खाण्यासाठी असतं, ते उशिरा वाळतं आणि जास्त पिवळं पडतं. टर्पेंटाइनही चित्रकलेसाठीचं, डिस्टिल्ड घ्या. रॉकेल नको.

छापील प्रत आणि बसण्याची जागा

मॉरिट्सहाउसच्या संकेतस्थळावर या चित्राचं मोठं छायाचित्र मोफत मिळतं. ते झेरॉक्सच्या दुकानातून ए-टू आकाराच्या मॅट कागदावर, चित्र बरोबर ३९ सेंटिमीटर रुंद येईल असं छापून घ्या. चकचकीत कागद नको, त्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं. एक प्रत रंगीत, एक कृष्णधवल. कृष्णधवल प्रत रंगीतपेक्षा जास्त वापरली जाईल, म्हणून तिच्यावर पैसे वाचवू नका. मोबाइलवर बघून रंगवणं टाळा. पडद्याचा स्वतःचा उजेड असतो, त्यामुळे गडद भाग खोटे दिसतात. बारीक तपशील मोठा करून बघायचा असेल तेवढाच मोबाइल वापरा.

प्रत आणि कॅनव्हास शेजारी शेजारी, एकाच उंचीवर आणि एकाच उजेडात लावा. उजव्या हातानं रंगवत असाल तर खिडकी किंवा दिवा डावीकडे हवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. मागे सरकायला दोन-तीन पावलांची जागा ठेवा. बसून, नाक लावून रंगवलेला चेहरा दुरून बघितला की हमखास वाकडा निघतो.

जमलं तर आधी कुठलंही खरं जुनं तैलचित्र जवळून बघून या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे चित्राच्या बाजूला उभं राहून तिरकं बघा. सावल्यांत रंग पातळ आणि उजेडात जाड असतो, हे छापील कागदावर कधीच कळत नाही.

रेखाटन

आधी न्यूजप्रिंटवर कोळशानं दोन-तीनदा हातानं काढा. ही रेखाटनं कॅनव्हासवर जाणार नाहीत. चेहऱ्याची ओळख व्हावी म्हणून ती काढायची. चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला आहे. त्यामुळे आपल्यापासून दूरचा, म्हणजे चित्रात डावीकडचा डोळा जवळच्या डोळ्यापेक्षा अरुंद दिसतो. नवशिके दोन्ही डोळे सारखे काढतात आणि चेहरा समोरून चेपल्यासारखा होतो.

मग अंतिम रेखाटनासाठी प्रतीवर आणि कॅनव्हासवर ५ सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि चौकटीत काय येतं ते उतरवा. ट्रेसिंग करायलाही हरकत नाही. तुम्ही रंगवायला शिकताय, आणि रेखाटनातच दोन आठवडे अडकून उत्साह संपवण्यात शहाणपण नाही. मात्र ट्रेसिंग केलंत तरी सहा रेषाच घ्या: फडक्याची बाहेरची कड, चेहऱ्याची डावी कड, जबडा, डोळ्यांची आणि ओठांची जागा, मोती, जाकिटाचा खांदा. पापण्यांची बारीक रेष, नाकाची रेष अजिबात उतरवू नका. ती रेष मूळ चित्रात नाहीच.

प्रत आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करून बघा. डोकं खाली असताना चुकलेला डोळा लगेच खुपतो.

तपकिरी पाया

रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करा, सगळ्या चौकटीवर लावा आणि जुन्या सुती कापडानं पुसून घ्या. मळकट तपकिरी, मध्यम छटेचा पृष्ठभाग मिळतो. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि माणूस घाबरून फिका रंग लावतो. ती अडचण इथेच सुटते. रेखाटन आधी पातळ अंबरनं ब्रशनं पक्कं करून वाळू दिलं असेल, तर ते या थरातून दिसत राहतं.

एक-दोन दिवसांनी खरं अंडरपेंटिंग, म्हणजे रंगांच्या खालचं, नुसत्या उजेड-सावलीचं चित्र. फक्त रॉ अंबर, थोडा काळा आणि पांढरा. तेल अजिबात नाही, फक्त टर्पेंटाइन, तेही कमी. पॅलेटवर नाइफनं पाच छटा बनवा: अगदी गडद, गडद, मध्यम, फिकट, अगदी फिकट. कृष्णधवल प्रत समोर ठेवा आणि डोळे अर्धवट मिटा. तपशील नाहीसे होतात आणि मोठे तुकडे उरतात.

आता सगळ्यात मोठी रेघ शोधा: उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते. ही सीमा कपाळावरून खाली, नाकाच्या बाजूनं, गालावरून हनुवटीखाली आणि मानेवर जाते. आधी या सीमेच्या उजवीकडचं सगळं एकाच गडद छटेत भरा. डोळा, गालाची कड, कान, मान, सगळं एकत्र. वेगळं काढायचा मोह होईल, आवरा. उजवीकडच्या डोळ्याचा पांढरा भाग सावलीत आहे, तिथे तो पांढरा नाही, मळकट राखाडी आहे. नवशिक्यांच्या चित्रात डोळे बटणांसारखे बाहेर येतात ते याच पांढऱ्यामुळे.

मग उजेडाची बाजू फिकट छटेत भरा, मध्यम छटा सीमेवर ठेवा, पार्श्वभूमी सर्वांत गडद. अगदी फिकट छटा आत्ता वापरूच नका. ती कॉलर, डोळ्यांतले ठिपके आणि मोत्यासाठी राखून ठेवा. या पायरीच्या शेवटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. तपकिरी रंगातलीच ती मुलगी ओळखू आली पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका. रंग चढवून ही चूक कधीच झाकली जात नाही.

हा थर रॉ अंबरमुळे लवकर वाळतो. उन्हाळ्यात, हिवाळ्यात तीन-चार दिवस, पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त. कोकणात किंवा मुंबईत असाल तर हे काम ऑक्टोबरनंतर सुरू करणं उत्तम. दमट हवेत रंग वाळायला वेळ लागतोच, शिवाय कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. बोट हलकेच टेकवून रंग बोटाला लागत नाही अशी खात्री झाल्याशिवाय वरचा थर नाही.

इथे तैलरंगाचा मूळ नियम लक्षात ठेवा: प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा थोडा जास्त तेलकट हवा. तेल हवेतल्या प्राणवायूशी मिळून घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. वरचा थर कमी तेलाचा असेल तर तो आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात.

पार्श्वभूमी

आज मूळ चित्रात मागे सपाट काळोख दिसतो. प्रत्यक्षात तिथे हिरवा पडदा होता. काळसर थरावर व्हर्मीरनं नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा मिसळून हिरवा पारदर्शक थर दिला होता. तो रंग काळाच्या ओघात बिघडला आणि पडद्याच्या चुण्या दिसेनाशा झाल्या.

तुम्ही आजचा काळोख रंगवायचा की तेव्हाचा पडदा, ते तुम्ही ठरवा. पहिल्या प्रयत्नात काळोखच घ्या, पण नुसता काळा ओतू नका. काळा, रॉ अंबर आणि थोडा अल्ट्रामरिन असं मिश्रण पातळ लावा. ते वाळल्यावर हिरव्याची गंमत अनुभवायची असेल तर इंडियन येलोची एक छोटी ट्यूब आणून ती अल्ट्रामरिनमध्ये मिसळा, दोन भाग तेल आणि एक भाग टर्पेंटाइन घालून काचेसारखा पातळ थर द्या आणि कापडानं जवळजवळ पुसून टाका. काळोखाला खोली येते. यालाच ग्लेझ म्हणतात.

चेहऱ्याच्या डाव्या कडेपाशी पार्श्वभूमीचा रंग चेहऱ्याच्या आत एखादा मिलिमीटर येऊ द्या. तो ओला असतानाच चेहऱ्याचा रंग तिथपर्यंत आणला, तर दोन्ही ओले रंग एकमेकांत मिसळतील आणि कड आपोआप मऊ होईल.

चेहरा

इथे घाई करू नका. चेहऱ्यासाठी दोन-तीन बैठका ठेवा.

आधी पॅलेटवर मिश्रणं तयार करा, कॅनव्हासला हात न लावता. उजेडातली त्वचा: पांढरा, येलो ऑकर आणि टाचणीच्या डोक्याएवढा व्हर्मिलियन. मध्यम: त्यातच थोडा बर्न्ट सिएना. सावली: बर्न्ट सिएना, रॉ अंबर आणि किंचित अलिझारिन, पांढरा जवळजवळ नाही. आणि एक चौथं मिश्रण, जे बरेच जण विसरतात: उजेड आणि सावलीच्या सीमेवरचा थंड करडा. मध्यम रंगात अल्ट्रामरिनचा अगदी थोडा अंश घातला की तो मिळतो. हा करडा नसेल तर चेहरा मातीचा दिसतो.

नाइफच्या टोकावर रंग घेऊन तो छापील प्रतीवर त्या जागेसमोर धरा. रंग आणि गडदपणा, दोन्हींची तुलना होते. मनात ‘त्वचेचा रंग’ म्हणून जो रंग असतो तो जवळजवळ नेहमीच जास्त फिकट आणि जास्त गुलाबी असतो.

सावलीपासून सुरुवात करा. पातळ, एक भाग तेल आणि एक भाग टर्पेंटाइन मिसळलेला रंग, जेणेकरून खालचा तपकिरी पाया अर्धवट दिसत राहील. उजेडाकडे येताना रंग जाड होत जाईल. सावल्या पातळ, उजेड जाड, हे जुन्या तैलचित्रांचं रहस्यच म्हणा. छटा शेजारी शेजारी ठेवा, लगेच मिसळू नका. फरशीसारखे तुकडे दिसतील, दिसू द्या. सगळा चेहरा भरून झाला की मगच मऊ कोरडा ब्रश घ्या आणि तुकडे जिथे जुळतात तिथे वजन न देता एकदा फिरवा. दोनदा नाही. ब्रश दर वेळी कापडाला पुसा. मिसळत बसलात तर सगळ्या छटा एक होतात आणि चेहरा मेणाचा दिसतो.

नाक. या चित्रातली सर्वांत शिकण्यासारखी जागा. नाकाचा उजेडातला भाग आणि त्याच्या डावीकडचा गाल यांच्यामध्ये कुठलीच रेष नाही. दोघांची छटा एकच आहे, एकमेकांत वाहून गेलेली. तरीही आपल्याला नाक पूर्ण दिसतं, कारण उजवीकडची सावली, नाकपुडी आणि टोकावरचा उजेडाचा ठिपका यांवरून डोळा उरलेलं स्वतः पूर्ण करतो. तुमचा हात तिथे रेष ओढायला शिवशिवेल. ती जागा एका सलग रंगात रंगवा आणि मागे सरका.

डोळे. पापणीचे केस काढू नका, वरच्या पापणीची गडद, मऊ कड एवढीच पुरे. संशोधकांना मूळ चित्रात बारीक पापणीचे केस सापडले, पण नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत. भुवया जवळजवळ नाहीत, त्या आणू नका. बुबुळ राखाडी-तपकिरी, भोवतीचा पांढरा भाग राखाडी. सगळं वाळल्यावर शेवटी प्रत्येक बुबुळात वर डावीकडे पांढऱ्या रंगाचा एक टिंब. शून्य नंबरच्या ब्रशनं, एकदाच टेकवून.

ओठ. व्हर्मिलियन आणि अलिझारिन, सावलीकडे बर्न्ट सिएना. ओठांच्या कडा त्वचेत मिसळलेल्या हव्यात. लिपस्टिकसारखी बाह्यरेषा आली तर ओलं असतानाच कोरडा ब्रश फिरवून ती मोडा. दोन ओठांमधली फट काळी करू नका, तिथे गडद लालसर तपकिरी आहे. खालच्या ओठावर ओलेपणाचा उजेड आहे आणि तोंडाच्या कोपऱ्यात एक बारीक गुलाबी ठिपका. हा कोपऱ्यातला ठिपका १९९४ मध्ये चित्र स्वच्छ करताना जुन्या रंगाखालून वर आला. तो लावल्याबरोबर तोंड किंचित उघडल्याचा भास होतो. एवढ्याशा रंगानं केवढा फरक पडतो ते स्वतःच्या हातानं बघा.

बैठक संपल्यावर चेहऱ्याचा काही भाग दुसऱ्या दिवशी निस्तेज, मॅट दिसला तर घाबरू नका. खालच्या थरानं तेल शोषलंय. पुढच्या बैठकीआधी तिथे लिनसीडचा एक थेंब बोटानं चोळून कापडानं पूर्ण पुसा, रंग पुन्हा खरा दिसतो आणि मिश्रण जुळवता येतं.

जाकीट, कॉलर, फडकं

चेहऱ्यानंतर हे सोपं वाटेल. जाकीट येलो ऑकर, रॉ अंबर आणि थोडा लेमन, सरळ मोठ्या फटकाऱ्यांनी. ब्रशच्या खुणा राहू द्या. सगळीकडे सारखी गुळगुळीत सफाई केली तर चेहऱ्याचं महत्त्व कमी होतं. कॉलर पांढऱ्यात अंबर आणि काळ्याचा अंश घालून करा, शुद्ध पांढरा फक्त एका कडेला.

डोक्याच्या निळ्या फडक्याला दोन टप्पे लागतात. आधी उजेडात पांढरा आणि अल्ट्रामरिन, सावलीत अल्ट्रामरिन आणि काळा, असे मोठे सपाट तुकडे. चुण्या मोजत बसू नका, व्हर्मीरनंही मोजल्या नाहीत. ते नीट वाळल्यावर शुद्ध अल्ट्रामरिनचा तेलकट, पारदर्शक थर सगळ्यावर द्या आणि उजेडाच्या भागातून पुसून घ्या. पांढरा मिसळलेला निळा खडूसारखा दिसतो. वरच्या ग्लेझनं तो एकदम खोल आणि दमदार होतो. मागे लोंबणारं पिवळं कापड लेमन, ऑकर आणि पांढऱ्यात, त्याची सावली ऑकर आणि अंबरमध्ये. पिवळ्याच्या सावलीत काळा घातला तर तो हिरवा होतो, म्हणून टाळा.

मोती

मोत्याला कडी नाही आणि पूर्ण बाह्यरेषाही नाही. मानेच्या सावलीत तो नुसता लोंबकळतोय. गोल काढून तो राखाडीनं भरायला जाल तर गोटी तयार होईल.

मान आणि मागची सावली पूर्ण वाळू द्या. काळा, पांढरा आणि अंबरचा पातळ करडा घेऊन खालच्या अर्ध्या भागात चंद्रकोरीसारखा मऊ फटकारा द्या. ते कॉलरचं प्रतिबिंब आहे. त्याची वरची कड कोरड्या ब्रशनं सावलीत विरघळवा. मग शुद्ध टायटॅनियम व्हाइट, तेल न मिसळता, दोन नंबरच्या ब्रशवर भरपूर घ्या आणि वर डावीकडे एकदाच टेकवा. ब्रश उचलताना रंगाचं छोटं टोक उभं राहील, राहू द्या. जागा चुकली तर ओलं असतानाच नाइफनं खरवडून कापडानं टिपा आणि पुन्हा करा. डाग सुधारायला त्यावरच रंग ओतू नका.

वाळवणं, कापडं, सही

तेलानं भिजलेली कापडं गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण करतं आणि चुरगाळलेल्या कापडांच्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. कापडं सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी, झाकण लगेच लावा. ब्रश कापडानं पुसून, टर्पेंटाइनमध्ये धुऊन, शेवटी तळहातावर साबणानं फेस स्वच्छ येईपर्यंत धुवा.

चित्र धूळ न लागेल अशा हवेशीर जागी, भिंतीकडे तोंड करून पण भिंतीला न टेकवता ठेवा. अंतिम व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानं.

व्हर्मीर १६७५ मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या चित्राची प्रत करायला कायद्याची अडचण नाही. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून पुढच्या वेळी अलीकडच्या चित्रकाराचं काम निवडताना हे तपासा. प्रतीवर पुढून मूळ चित्रकाराची सही करू नका. मागे कॅनव्हासवर ‘योहान्नेस व्हर्मीरच्या चित्रावरून’, तुमचं नाव आणि वर्ष लिहा.

ही प्रत वाळत असतानाच घरातल्या कुणाला तरी खिडकीच्या उजव्या बाजूला बसवा, म्हणजे उजेड त्यांच्यावर चित्राप्रमाणेच डावीकडून पडेल. मागे गडद चादर लावा. फक्त रॉ अंबर आणि पांढरा घेऊन, त्याच पाच छटांत, उजेड-सावलीच्या त्याच सीमेपासून सुरुवात करा. वीस मिनिटांनी त्यांना उठू द्या आणि बसण्याच्या जागी जमिनीवर खडूनं खूण करायला विसरू नका.